पेन्शन आले की नुसते सुटले?

पत्र:

ताई, माझे मिस्टर अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव सैन्यात, २२ मे २००० रोजी भरती झाले. तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते, ग्रीन कार्डवर होते, नागरिकत्व नंतर मिळालं. नोव्हेंबर २००९ ते ऑक्टोबर २०१० असं वर्षभर ते कुवेतला होते. मे २०२० मध्ये वीस वर्षं भरली म्हणून त्यांनी करार वाढवला नाही. घरी ऑर्डर आली, ‘ऑनरेबल डिस्चार्ज’. आम्ही पेढे वाटले. गेल्या वर्षी ते निवृत्तांचं ओळखपत्र काढायला गेले, तर खिडकीवरची बाई म्हणाली, “तुम्ही रिटायर्ड नाही, डिस्चार्ज्ड आहात.” मग हजेरीच्या पॉइंटचा कागद मागवला, पेन्शनची वर्षं त्यावरून धरतात. एकूण पॉइंट २,१५६, पण वर्षं एकोणीसच धरली आहेत. मे २०१२ ते मे २०१३ या वर्षापुढे ४७ पॉइंट लिहिलेत. त्या वर्षी माझे सासरे गेले, आम्ही साताऱ्याला होतो. युनिटची परवानगी घेऊन गेलो होतो, पण पंधरवड्याचं ट्रेनिंग आणि सरावाचे काही वीकेंड बुडाले. परत आल्यावर फेब्रुवारीत ते पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या युनिटमध्ये एक वीकेंड भरून काढायला गेले होते. मला पक्कं आठवतं, गाडी बर्फात अडकली होती. मी त्यांच्या सगळ्या पगारपावत्या फाइलला लावून ठेवल्यात. मार्च २०१३ च्या पावतीत आठ ड्रिलचे, म्हणजे सरावाच्या सत्रांचे, पैसे दिसतात. इथल्या मराठी मंडळातले एक गृहस्थ म्हणाले, डीडी फॉर्म २९३ भरा. मिस्टर म्हणतात, “जाऊ दे, सन्मानानं सोडलंय ना.” सासूबाई फोनवर विचारतात, “तो पेन्शन आला ना?” मंडळाच्या दिवाळी अंकात त्यांच्या नावाखाली ‘निवृत्त’ छापणार होते, तेही त्यांनी खोडायला लावलं. मी काय करू?

एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. आर्मी रिझर्व्हच्या एका युनिटमध्ये मी बरीच वर्षं माणसांच्या नोंदींचंच काम केलं, त्यामुळे ४७ हा आकडा दिसला की मला आधी त्याची फोड करावीशी वाटते. ती करूच. पण मंडळातल्या त्या गृहस्थांचा फॉर्म आधी बाजूला ठेवा. डीडी फॉर्म २९३ हा डिस्चार्जचा शेरा सुधारून घेण्याचा अर्ज आहे. मुख्यतः ज्यांना सन्मानाने सोडलेलं नाही, त्यांच्यासाठी. तुमच्या मिस्टरांचा शेरा मुळातच चांगला आहे. तो अर्ज लष्कराच्या वेगळ्याच एका मंडळाकडे जातो आणि ते मंडळ यातलं काहीच करू शकत नाही. तुम्हाला लागणारा फॉर्म आहे डीडी फॉर्म १४९, आणि तोही लगेच नाही. त्याआधी एक पायरी आहे.

सासूबाईंच्या प्रश्नावर मी थोडा वेळ थांबले, कारण सगळी गफलत तिथूनच झाली असावी असं मला वाटतं. साताऱ्याकडे फौजेतून परतलेल्या माणसाला ‘पेन्शन आला’ म्हणतात. त्याच्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक असतं, ते घरातले जपून ठेवतात. भारतीय लष्करात जवानापासून सुभेदारापर्यंत सगळे नियमांच्या भाषेत ‘डिस्चार्ज’च होतात, आणि पंधरा वर्षांची सेवा झाली असली तर पेन्शन घेऊन येतात. म्हणजे आपल्या घरांत डिस्चार्ज हा शब्द मानाचा आहे, त्याच्या पाठोपाठ दर महिन्याला पैसे येतात. तुमच्या मिस्टरांच्या हातात ऑर्डर पडली तेव्हा त्यावर ‘डिस्चार्ज’ वाचून त्यांना काही खटकलं नाही, तुम्ही पेढे वाटलेत, यात तुम्हा दोघांची काहीच चूक नाही.

आर्मी रिझर्व्हमध्ये मात्र बाहेर पडायची दोन वेगळी दारं आहेत. एक दार डिस्चार्जचं: लष्कराशी संबंध तिथे संपला. दुसरं दार ‘रिटायर्ड रिझर्व्ह’चं: माणूस ड्रिलला जात नाही, पगार घेत नाही, पण त्याचं नाव यादीवर राहतं आणि साठी गाठेपर्यंत तो निवृत्त राखीव सैनिक म्हणून गणला जातो. या मधल्या वर्षांना तिथले लोक ‘ग्रे एरिया’ म्हणतात. वीस वर्षं भरलेल्या माणसाला यातलं कुठलं दार हवं ते विचारायचं असतं, आणि तो निवडू शकावा म्हणून त्याच्या हातात आधी ‘वीस वर्षांचं पत्र’ असावं लागतं. विसावं वर्ष पूर्ण झाल्यापासून वर्षभरात ते पत्र द्यायचं असं कायदाच सांगतो. लष्कराच्या हिशेबात मिस्टरांची वर्षं एकोणीसच होती, म्हणून पत्र निघालं नाही. पत्र नाही म्हणून कुणी दार विचारलं नाही. करार संपला आणि ज्याच्यासमोर ते उभे होते त्या दारातून त्यांना बाहेर काढलं.

आता ते ४७.

रिझर्व्हमधलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर नसतं. ज्या तारखेला माणूस भरती झाला तिथून त्याचं वर्ष सुरू होतं, म्हणजे यांचं २२ मे ते २१ मे. वर्ष पेन्शनसाठी धरलं जायला त्या बारा महिन्यांत निदान ५० पॉइंट लागतात. नुसतं दलात असण्याचे वर्षाला १५ मिळतात. चार तासांच्या एका ड्रिलला एक पॉइंट, एका वीकेंडला चार ड्रिल, म्हणजे चार पॉइंट. उन्हाळ्यातल्या पंधरवड्याच्या ट्रेनिंगला दिवसाला एक. नेहमीच्या वर्षात बारा वीकेंडचे ४८, ट्रेनिंगचे १४ आणि हे १५ धरून ७७ होतात, कुणाला ५० ची आठवणही येत नाही. सासरे गेले त्या वर्षी ट्रेनिंग बुडालं. ४७ मधून १५ वजा केले की ३२ उरतात. ३२ म्हणजे बरोबर आठ वीकेंड. बारांतले आठ लागले, चार लागले नाहीत. त्या चारांतला एक जर पेनसिल्व्हेनियाच्या बर्फातला असेल, तर ४७ चे ५१ होतात आणि एकोणिसाची वीस. वीस वर्षांची नोकरी एका शनिवार-रविवारवर अडून राहिली आहे.

असं का होतं, तेही सांगते. आपल्या युनिटमधला वीकेंड असला की हजेरीपटावर सही होते आणि पॉइंट आपोआप चढतात. दुसऱ्या युनिटमध्ये जाऊन भरपाई केली की त्या युनिटनं डीए फॉर्म १३८० भरून, सही करून मूळ युनिटला पाठवायचा असतो. तो एक पानाचा कागद दोन कचेऱ्यांच्या मध्ये प्रवास करतो. पगार एका वाटेनं जातो आणि पॉइंट दुसऱ्या. पैसे बँकेत आलेत पण पॉइंट कुठेच नाहीत, अशा फाइली मी माझ्या हातांनी हाताळल्या आहेत. त्यातल्या बहुतेकांना वर्षानुवर्षं पत्ताच नव्हता, कारण पैसे आले की माणूस समजतो की नोंद झाली.

म्हणून तुमची मार्चची पावती सोन्यासारखी आहे. पण तीच एकटी पाठवू नका. आठ ड्रिलचे पैसे दिसतात ही खूण चांगली आहे: मार्चचे स्वतःच्या युनिटमधले चार आणि फेब्रुवारीच्या भरपाईचे चार, असा त्याचा अर्थ लागतो. पण तपासणारा माणूस विचारेल, यातले चार आधीच त्या ३२ मध्ये मोजले गेले नसतील कशावरून? त्याचं उत्तर पावतीतूनच द्यायचं. मे २०१२ पासून जून-जुलै २०१३ पर्यंतच्या सगळ्या पावत्या काढा. उशिरा निघालेले पैसे पुढच्या महिन्यांत सापडतात, म्हणून दोन महिने जास्तीचे घ्यायचे. एका वहीच्या पानावर प्रत्येक महिन्यापुढे किती ड्रिलचे पैसे मिळाले ते लिहा आणि ड्रिलची तारीख दिसत असेल तर तीही लिहा. मे महिन्याकडे नीट बघा, कारण २१ तारखेला वर्ष तुटतं. २२ मे २०१२ च्या आधीचा वीकेंड किंवा २१ मे २०१३ नंतरचा वीकेंड या वर्षात येत नाही. बेरीज ३६ आली तर तुमची बाजू पक्की झाली. कागदावर ३२, पगारात ३६. ज्या ड्रिलचे पैसे लष्करानं स्वतः दिले, ती झाली नाही असं लष्कराला म्हणता येणं अवघड असतं.

बेरीज ३२ च आली तर घाबरू नका, पण तेही मला कळवा. मग त्या दुसऱ्या युनिटमधला १३८० शोधावा लागेल. तो त्यांच्या लष्करी फाइलमध्ये असू शकतो, ती मागवता येते. शिवाय त्या वीकेंडला बरोबर असलेल्या एखाद्या सहकाऱ्याचं किंवा तेव्हाच्या सार्जंटचं सही केलेलं निवेदन घ्यावं लागेल. आठवणीवर लिहिलेल्या निवेदनाला पावतीइतकं वजन नसतं, पण कागदाच्या जोडीला ते उपयोगी पडतं.

हे झालं की पहिली पायरी केंटकीतल्या फोर्ट नॉक्सची. तिथे लष्कराचं मनुष्यबळ खातं आहे, ह्यूमन रिसोर्सेस कमांड. पॉइंटची दुरुस्ती ते करतात. एक साधं पत्र, पॉइंटच्या कागदाची म्हणजे डीए फॉर्म ५०१६ ची प्रत, त्यावर २०१२-१३ च्या ओळीला खूण, पावत्यांच्या प्रती आणि तुमच्या वहीच्या पानासारखा एक तक्ता. मूळ पावती कुणालाही देऊ नका, कितीही गोड बोलून मागितली तरी. पत्रात दोनच मागण्या ठेवा: हे चार पॉइंट त्या वर्षात घाला, आणि वीस वर्षं भरली म्हणून पात्रतेचं पत्र द्या. बर्फ, गाडी, सासऱ्यांचं जाणं हे सगळं खरं आहे आणि माझ्या मनाला लागलं, पण पॉइंट मोजणाऱ्याला त्यातलं फक्त ‘परवानगीनं गैरहजर होतो’ एवढंच हवं असतं.

ते पत्र हातात आलं की त्याची किंमत समजून घ्या. एकदा का लष्करानं वीस वर्षांचं पत्र दिलं, की नंतर ‘आमची मोजणी चुकली होती’ म्हणून ते परत घेता येत नाही असं कायद्यात आहे. माणसानं स्वतः फसवणूक केली असेल तर गोष्ट वेगळी.

मग दुसरी पायरी, डीडी फॉर्म १४९. हा जातो लष्करी नोंदी सुधारणाऱ्या मंडळाकडे, आर्मी बोर्ड फॉर करेक्शन ऑफ मिलिटरी रेकॉर्ड्स. फोर्ट नॉक्स पॉइंट सुधारू शकतं, पण मे २०२० मध्ये अंमलात आलेली डिस्चार्जची ऑर्डर पुसून तिथे दुसरी लिहिण्याचं काम या मंडळाचं. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांच्या अशा तक्रारींसाठी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, एकेका माणसाच्या नावानं विधेयकं यायची. १९४६ मध्ये काँग्रेसनं ती वाट बंद केली आणि त्याच्या बदल्यात ही मंडळं उभी राहिली. त्यात गणवेशातली माणसं बसत नाहीत, तीन सिव्हिलियन बसतात. फी नाही. सुनावणी क्वचितच होते, निकाल कागदांवर लागतो. म्हणून कागद बोलका हवा.

हे मंडळ दोन गोष्टी धरून चालतं आणि दोन्ही तुमच्या मिस्टरांना आधीच सांगा, म्हणजे वाईट वाटणार नाही. एक, खालच्या सगळ्या वाटा चाचपून आलात का. म्हणूनच फोर्ट नॉक्स आधी. दोन, सरकारी नोंद बरोबर आहे असं गृहीत धरलं जातं आणि ती चुकली हे दाखवायचं काम अर्जदाराचं. पण तुम्ही तिथे जाल तेव्हा तुमच्या हातात लष्करानं स्वतः सुधारलेला पॉइंटचा कागद आणि स्वतः दिलेलं वीस वर्षांचं पत्र असेल. त्यानंतर सांगायचं एवढंच उरतं: मी डिस्चार्ज झालो त्या दिवशी मी खरं तर पात्र होतो. हे पत्र तेव्हा मिळालं असतं तर मी रिटायर्ड रिझर्व्हमध्ये जाण्याचा अर्ज केला असता. मला ती निवड करू दिली गेली नाही. सबब मे २०२० ची डिस्चार्ज ऑर्डर रद्द करून त्याच तारखेपासून माझी रिटायर्ड रिझर्व्हमध्ये बदली दाखवावी. शब्द याच्या आसपास ठेवा. ‘मला न्याय द्या’ असं लिहू नका, नेमकी कुठली नोंद काढून तिथे नेमकी कुठली घालायची ते लिहा. मंडळाला जे मागितलं नाही ते ते सहसा आपणहून देत नाही.

अर्जात एक रकाना असतो, चूक केव्हा लक्षात आली. कायद्यानं तीन वर्षांची मुदत आहे, ती चूक लक्षात आल्यापासून मोजतात. तुमच्या मिस्टरांना गेल्या वर्षी ओळखपत्राच्या खिडकीवर कळलं. ती तारीख लिहा आणि पॉइंटचा कागद मागवल्याची तारीखही लिहा. मुदत टळली तरी न्यायाच्या दृष्टीनं योग्य वाटलं तर मंडळ ती माफ करू शकतं, पण माफीवर विसंबायची वेळ का आणा? निकालाला महिने लागतात, वर्षही लागतं. मध्येच मंडळ फोर्ट नॉक्सचं मत मागवतं आणि त्याची प्रत तुम्हाला पाठवतं. त्यावर उत्तर द्यायला मुदत असते आणि ती थोडी असते. ते पाकीट टपालाच्या ढिगात राहू देऊ नका. आधीचे निकाल नावं झाकून संरक्षण खात्याच्या ऑनलाइन वाचनकक्षात ठेवलेले असतात. ‘डिस्चार्जऐवजी रिटायर्ड रिझर्व्ह’ अशी प्रकरणं त्यात आहेत. दोनचार वाचा, भाषा कळते आणि धीर येतो.

वकील लागतो का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. अशा प्रकरणात सहसा नाही. अमेरिकन लीजन, डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स अशा संघटनांत आणि तुमच्या काउंटीच्या व्हेटरन कचेरीत फॉर्म भरून देणारी माणसं फुकट असतात. पेन्शनमधला हिस्सा मागणाऱ्यांपासून दूर राहा. आणि व्हीए म्हणजे व्हेटरन्सचं, माजी सैनिकांचं खातं वेगळं, लष्कर वेगळं. व्हीएच्या दवाखान्यातल्या कुणी ‘आम्ही करून देतो’ म्हटलं तरी लष्कराची नोंद त्यांना बदलता येत नाही.

आता मिस्टरांचं ‘जाऊ दे’. त्यांच्या मनात ते भीक मागितल्यासारखं येत असेल. मी हे अनेक सैनिकांत पाहिलंय, विशेषतः जे मनापासून नोकरी करून आले त्यांच्यात. त्यांना आकडे दाखवा, तेही हळू. चार पॉइंट मिळाले की त्यांचे एकूण २,१६० होतील. रिझर्व्हचं पेन्शन मोजताना पॉइंटना ३६० नं भागतात: सहा वर्षं. वर्षाला अडीच टक्के, म्हणजे पंधरा टक्के. हे पंधरा टक्के कशाचे? छत्तीस महिन्यांच्या मूळ पगाराच्या सरासरीचे. उदाहरणादाखल सरासरी पाच हजार डॉलर धरली तर महिना ७५० डॉलर, मरेपर्यंत. आणि दार महत्त्वाचं का, ते इथे कळतं. वीस वर्षांचं पत्र मिळालं तर डिस्चार्ज झालेल्या माणसालाही पेन्शन मिळतं, पण सरासरी त्याच्या डिस्चार्जच्या आधीच्या तीन वर्षांच्या पगारावर गोठते. रिटायर्ड रिझर्व्हमधल्या माणसाची सरासरी तो पेन्शनच्या वयाला पोचतो त्या वेळच्या पगारतक्त्यावर निघते आणि यादीवरची वर्षं त्याच्या ज्येष्ठतेतही धरतात. लष्करी मूळ पगार २०२१ मध्ये ३ टक्के वाढला, मग २.७, मग ४.६, ५.२ आणि २०२५ मध्ये ४.५. या पाच वाढी मिळून एकवीस टक्क्यांवर जातात. दुसऱ्या दारातून गेलेल्याला त्या मिळतात, तुमच्या मिस्टरांना आज त्या मिळणार नाहीत.

कुवेतचाही हिशेब आहे, तो बहुतेक त्यांनीही केला नसेल. २८ जानेवारी २००८ नंतर बोलावणं येऊन सक्रिय सेवा केली असेल तर दर नव्वद दिवसांमागे पेन्शनचं वय साठावरून तीन महिन्यांनी खाली येतं. पण तेव्हाच्या नियमानं हे नव्वद दिवस एकाच सरकारी वर्षातले हवेत, म्हणजे ऑक्टोबर ते सप्टेंबर. १ नोव्हेंबरला सुरुवात झाली असेल तर ३० सप्टेंबर २०१० पर्यंत ३३४ दिवस होतात, त्यात नव्वदाचे तीन गट बसतात. ऑक्टोबरमधले दिवस पुढच्या सरकारी वर्षात एकटे पडतात आणि वाया जातात. तरी नऊ महिने मिळाले. पेन्शन साठाऐवजी सव्वा एकोणसाठाव्या वर्षी सुरू होऊ शकतं. निवृत्तांचा आरोग्यविमा मात्र साठ पूर्ण झाल्यावरच, त्याआधी हवा असेल तर ‘ट्रायकेअर रिटायर्ड रिझर्व्ह’ हप्ता भरून विकत घेता येतो आणि तोही फक्त या दुसऱ्या दारातल्यांना. आणि पेन्शन आपणहून चालत येत नाही. वय जवळ आलं की फोर्ट नॉक्सला वेगळा अर्ज करावा लागतो, वर्षभर आधीपासून तयारी ठेवा.

हे सगळं ऐकून ते ‘मला पैशाची हाव नाही’ म्हणाले, तर त्यांना सांगा की यात एक भाग त्यांचा नाहीच, तुमचा आहे. वीस वर्षांचं पत्र मिळालं की नव्वद दिवसांत एक निवड करायची असते: त्यांच्या पश्चात पत्नीला पेन्शनचा भाग मिळावा का, आणि मिळावा तर लगेच की ते साठ वर्षांचे झाले असते तेव्हापासून. त्याचा फॉर्म डीडी २६५६-५. काहीच भरलं नाही तर कायदा पत्नीला पूर्ण आणि लगेचचं संरक्षण दिलं असं धरतो, आणि त्यापेक्षा कमी घ्यायचं तर तुमची लेखी संमती लागते. हा कागद तुम्ही दोघांनी एकत्र बसून भरा. पत्र मिळायच्या आधीच माणूस गेला तरी कायद्यात पत्नीसाठी वाट आहे, पण तेव्हा त्याची वीस वर्षं सिद्ध करायचं काम तिच्या एकटीवर येतं. माझ्यासमोर अशी एक बाई बसली होती. नवऱ्याचे पॉइंट कमी का दिसतात, तो कुठल्या युनिटमध्ये गेला होता, हे तिला कुणाला विचारायचं तेच माहीत नव्हतं. घर बदलताना त्यानं जुन्या पावत्या टाकून दिल्या होत्या. मी जे करता येईल ते केलं, तरी ती दोन वर्षं हेलपाटे घालत राहिली. तुमच्या घरी तो माणूस जिवंत आहे, त्याला पेनसिल्व्हेनियातल्या त्या युनिटचं नाव आठवतंय, आणि फाइल तुमच्या कपाटात आहे.

तक्ता तुम्ही करा, पत्रंही तुम्ही लिहून ठेवा. पण दोन्ही अर्जांवर सही त्यांचीच लागेल. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती बारा-चौदा पावत्यांची ओळ टेबलावर मांडा आणि त्यांनाच मोजू द्या. माझा अनुभव असा की सैनिक दुसऱ्याचं ऐकत नाही, पण स्वतः केलेली बेरीज मानतो.

आणि दिवाळी अंक. ‘निवृत्त’ त्यांनी खोडायला लावलं ते बरोबर केलं. आजच्या तारखेला ते तसे नाहीत, आणि जो माणूस स्वतःच्या नावाखाली एक शब्द खोटा छापू देत नाही त्याचा अर्ज वाचताना मंडळालाही त्याचा खरेपणा कळेल. संपादकांना सांगा, यंदा ‘माजी सैनिक, अमेरिकी आर्मी रिझर्व्ह, २०००–२०२०’ असं छापा. त्यातलं एकही अक्षर कुठल्या मंडळाच्या निकालावर अवलंबून नाही. सासूबाईंना म्हणावं, अजून पेन्शन आला नाही, कागद घातलेत. फौजेच्या घरातल्या बाईला कागद घालणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला लागणार नाही.